फायबरच्या होडीची घरच्या घरी दुरुस्ती : माझा अनुभव

उन्हाळ्यात हतनूरच्या जलाशयाचे पाणी उतरू लागले की काठालगतचे काळे खडक उघडे पडतात, आणि फायबरच्या होडीच्या तळाला वर्षभरातले बहुतेक ओरखडे याच दिवसांत पडतात. माझे थोरले बंधू तेथे मासेमारी करतात. त्यांची होडी आम्ही मे महिन्यात बाहेर काढून अंगणातल्या निंबाखाली पालथी घातली आणि कारागीर न बोलावता स्वतःच दुरुस्त केली. हे काम फार कौशल्याचे आहे असे मला वाटत नाही. मात्र खानदेशातल्या उन्हात ते दिवसाच्या कोणत्या वेळी करायचे आणि एका वेळी किती माल कालवायचा, हे ज्याला कळले त्याचेच काम टिकते.

आधी कोणती इजा वरवरची आणि कोणती खोल, हे ठरवावे लागते. होडीच्या बाहेरचा चकचकीत रंगीत थर म्हणजे जेलकोट. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याखाली रेझिनमध्ये, म्हणजे हार्डनर घातल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवलेली काचतंतूंची मॅट असते. होडीची ताकद या मॅटमध्ये असते, तर पाणी अडवण्याचे काम जेलकोट करतो. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा तळ ठोकून पाहिला. जेथे आवाज टणक आला तेथे फक्त जेलकोट भरायचा होता. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, एके ठिकाणी तो बद्द आला, म्हणजे तेथे आतले थर एकमेकांपासून सुटले होते. त्याच जागी चांदणीसारख्या बारीक भेगाही होत्या. अशा भेगा वरून कितीही बुजवल्या तरी आतला भाग लवचिक राहिला की पुन्हा उमटतात, म्हणून तेथे मॅट घालणे भाग होते.

दुकानदाराने इपॉक्सी हे वेगळ्या जातीचे रेझिन घेण्याचा आग्रह धरला होता. इपॉक्सीची पकड उत्तम असते, यात शंका नाही. परंतु तिच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, आणि साध्या मॅटमधला तंतू बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो तसा इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून मी पॉलिएस्टर रेझिन, जेलकोट, हार्डनर आणि थोडी मॅट एवढेच घेतले. रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट आधीच मिसळलेले मागावे. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो, आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते. त्यामुळे चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नये.

बारीक भेगेत माल आतपर्यंत उतरत नाही. जुन्या कानशीचे टोक घासून त्याने प्रत्येक भेग मी इंग्रजी व्हीच्या आकाराची उघडी केली. नाळेजवळचा सुटलेला भाग खरवडून काढला आणि खड्ड्याच्या कडा सगळीकडून उतरत्या केल्या. खोली ३ मिलिमीटर असेल तर उतार साधारण ३६ मिलिमीटरपर्यंत न्यावा, म्हणजे नव्या मॅटला धरायला पुरेशी जागा मिळते. काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत गेली तर त्रास देते, म्हणून मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. पाणी मुरलेला भाग आमच्याकडच्या कोरड्या हवेत चांगला वाळतो. या बाबतीत मे महिना कोकणातल्या पावसाळी हवेपेक्षा खूपच सोयीचा.

गैरसोय मात्र त्याच उन्हाची. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के घालतात. ४४-४५ अंशांच्या दुपारी हे मिश्रण मॅटवर लावेपर्यंतच भांड्यात घट्ट होऊ लागते. दादांनी सुचवले, "हार्डनर निम्मेच घाल, म्हणजे वेळ मिळेल." परंतु १ टक्क्याच्या खाली गेले की रेझिन कायमचे कच्चे राहण्याचा धोका असतो, म्हणून प्रमाण तेच ठेवून आम्ही वेळ बदलली. उजाडताच काम सुरू करायचे, ऊन अंगणात येण्यापूर्वी थांबायचे, आणि एका वेळी ५० ग्रॅमच्या वर माल कालवायचा नाही. खोल भांड्यात रेझिन स्वतःच्या उष्णतेने आणखी तापते. तेच उथळ ताटलीत पसरले तर बराच वेळ पातळ राहते. मॅटचे तुकडे बसवताना ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचे. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते आणि खालचा थर दिसू लागतो, तेव्हा रेझिन सगळीकडे मुरले असे समजावे; जेथे पांढरा ठिपका राहिला तेथे हवा अडकलेली असते.

जेलकोटचा हवेशी संबंध असेपर्यंत त्याचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो. म्हणून भेगा किंचित उंच भरून त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद ठेवला, मधून कडेकडे चपट्या पट्टीने दाबत बुडबुडे बाहेर काढले आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. कागद काढल्यावर खालचा पृष्ठभाग काचेसारखा निघतो आणि घासण्याचे निम्मे कष्ट वाचतात.

रंग जुळवणे हे मला सर्वांत किचकट वाटले. उन्हाने पांढरी होडी पिवळसर पडलेली असते आणि वर खडूसारखा थर येतो. त्यावरून रंग ठरवला तर ठिगळ उठून दिसते. एक कोपरा घासून, पॉलिश करून, त्याच्या शेजारी नमुन्याचा ठिपका वाळवून पाहावा. मग पाण्याचा पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ४००, ६००, ८००, १००० या क्रमाने घासावे आणि शेवटी चकाकी आणणारे रबिंग कंपाउंड फिरवावे. नुसत्या बोटांनी घासले तर खळगे पडतात.

उरलेले रेझिन पुढच्या वर्षासाठी ठेवण्याचा मोह होतो, परंतु आमच्याकडच्या उकाड्यात ते डब्यातच घट्ट होऊ लागते. त्यामुळे पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये, आणि हार्डनर लागलेल्या चिंध्या कचऱ्याच्या डब्यात न कोंबता मोकळ्या जमिनीवर पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्यात.