खरीप, सरद, मुंगारू

गेल्या आठवड्यात चौथीला पिकांचे हंगाम शिकवत होते. फळ्यावर ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ लिहिलं, अर्थ विचारला. वर्ग चिडीचूप. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली मुलं ही, निम्म्यांच्या घरामागे शेत. म्हणून विचारलं, “पावसातल्या भाताला घरी काय म्हणतात?”

“सरद!” चार-पाच जण एकदम ओरडले. “आनी मागीर वांयगण!” म्हणजे पावसानंतरचं भात.

मग कुणी थांबेना. ओहोळाला बांध घालून वांयगणाला पाणी कसं आणतात, ते एका मुलानं हातवारे करत कोंकणीतून सांगितलं. मी अडवलं नाही. लिहिताना मराठी शब्द मागितले, तेवढे पुरवले.

मी स्वतः पहिलीत “उदक जाय” म्हटलं होतं. “पाणी पाहिजे म्हण,” असं बाईंनी तीनदा वदवून घेतलं, मगच पाणी मिळालं. पुढे कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. आज घरची कोंकणी आणि शाळेची मराठी, दोन्हींवर माझा सारखाच जीव आहे. पण तो कोरडा घसा मी विसरलेले नाही.

मागच्या बाकावर विजापूरकडची एक मुलगी बसते. आईवडील इथं बांधकामावर आहेत. तिला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? “मुंगारू,” ती हळूच म्हणाली, “आणि हिंगारू.” कन्नडमध्ये मुन् म्हणजे आधीचा, हिन् म्हणजे नंतरचा, आधीचा पाऊस आणि नंतरचा पाऊस. हे मला तिच्या आईनं सांगितलं, संध्याकाळी मुलीला न्यायला आली तेव्हा.

पण खरी गंमत त्याआधीच झाली होती. रब्बी म्हणजे पाणी देऊन काढलेलं पीक, असं आमच्या गोंयच्या पोरांनी ठरवून टाकलं होतं. ती उठली आणि म्हणाली, आजीच्या शेतात जोळ पाण्याशिवायच येतो, माती काळी असते, ती पाणी धरून ठेवते. जोळ म्हणजे ज्वारी. आमच्या तांबड्या मातीत वाढलेल्या मुलांना हे नवंच होतं. दोन मुलांनी तिला परत सांगायला लावलं. जूनपासून इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

घरी येऊन शब्दकोश उघडला. खरीप हा शब्द अरबी, मूळ अर्थ शरद ऋतू. आमचा सरद म्हणजेही शरदच असावा. कापणीच्या ऋतूचं नाव पिकाला मिळालं, दोन्हीकडे! दुसऱ्या दिवशी वर्गाला हे सांगितलं आणि मग कुणालाच खरीप पाठ करावा लागला नाही.

भिंतीवर आता तक्ता लावलाय. कन्नड रकाना तिच्या मोठ्या भावानं कन्नड अक्षरांत लिहून दिलाय. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत, तिलाही अजून नाहीत. काल मधल्या सुट्टीत ती त्यांच्यावरून बोट फिरवत उभी होती.