३५ मिलिमीटर, पण कुणाची?

लायकाच्या एम माउंटवर, म्हणजे तिच्या एम रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या लेन्स-जोडणीवर, ३५ मिलिमीटर फोकल लेंग्थची (थोडा रुंद कोन टिपणारी) एकच लेन्स घ्यायची, तर लायकाची समिक्रॉन, झाइसची बायोगॉन की फोक्टलेंडरची अल्ट्रॉन? हा प्रश्न मला सारखा येतो. तिन्हींचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, एफ/२ (आकडा लहान तितकं भोक मोठं). तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी लेन्स चढवून कॅमेरा डोळ्याला लावा. फोटोंची तुलना नंतर.

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच पाहतो. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी वेगळी, आणि लेन्स लांबट असली की तिचं तोंड खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात डोकावतं. नाशिकला रामकुंडावर वरच्या पायरीवरून फोटो घेताना नेमकं तिथेच कुणीतरी वाकून द्रोणातला दिवा पाण्यात सोडत असतं. फोटोत तो कोपरा येतो हो, पण जे दिसलंच नाही ते चौकटीत बसवणार कसं?

१९९७ची काळी अ‍ॅस्फेरिकल (गोलाच्या वक्रतेची नसलेली काच वापरलेली) समिक्रॉन २५५ ग्रॅम, बायोगॉन २४०. वजनात फरक नावालाच, पण बायोगॉन लांब आणि तोंडाला रुंद. तिला ४३ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, समिक्रॉनला ३९चा. अल्ट्रॉन १७० ग्रॅम, लांबी जेमतेम २८ मिलिमीटर. हूड, म्हणजे तिरका उजेड अडवणारी पुढची कडी, नसेल तर ती खिडकीत जवळपास आडवी येतच नाही.

आता भांडी बाजारात चला. बाहेर उन्हात तांब्या-पितळेची रास, मागे दुकानातला अंधार. बायोगॉन इथे खुलते. घंगाळावरच्या मठारकामाचा ठोका न्‌ ठोका सुटा दिसतो, अंधार गडद राहतो. जुन्या वाड्याचे खांब चौकटीच्या कडेला गेले तरी सरळच उभे असतात. समिक्रॉन तितकीच धारदार, पण सावल्या जरा हलक्या हाताने सोडते, असं माझं मत.

फोक्टलेंडरचीच एफ/१.४ची छोटी नोक्टॉन घ्यायचा मोह होतो, तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीबद्दल एक सांगायलाच हवं. इतक्या लहान देहात एवढं मोठं अ‍ॅपर्चर बसवल्याची किंमत तिच्या फोटोत दिसते. सरळ रेषा बाहेर फुगतात. शिवाय गोलीय विपथनामुळे, म्हणजे काचेच्या कडेचे किरण मधल्या किरणांच्या जागी न जुळल्यामुळे, अ‍ॅपर्चर थोडं बंद केलं की फोकस मागे सरकतो. एसएलआरमध्ये ते निदान तपासून पाहता येतं. रेंजफाइंडरमध्ये खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करतात; त्या तंतोतंत जुळलेल्याच दिसतात, आणि डोळ्यांवर धरलेला फोकस कानावर जातो. उघड्या अ‍ॅपर्चरची तिची धूसर चमक मला फार आवडते, तरी एकुलती एक लेन्स म्हणून ती मी कुणाला सुचवत नाही.

अ‍ॅपर्चर एफ/५.६च्या पुढे बंद केलं की या चौघींचे फोटो वेगळे ओळखणं कठीणच. म्हणून घाटावर, दही पुलावर, माणसांत फिरणार असाल तर अल्ट्रॉन घ्या. वाडे आणि देवळं हाच विषय असेल तर बायोगॉन, आणि कोपऱ्यातलं पाहायला डोळा खिडकीवरून जरा हलवायची सवय करा.