निरंक

"काकू, तुम्ही तर विधानसभेची उत्तरं लिहायचात. मग सांगा, कोविडमध्ये ऑक्सिजनवाचून एकही माणूस दगावला नाही असं मंत्री सभागृहात लिहून कसं देऊ शकतात? खोटं बोलल्याची शिक्षा नसते का?"

हा प्रश्न मला भाजीच्या गाड्यापाशी विचारून झालाय, भिशीत विचारून झालाय. लोकसेवा आयोगाची परीक्षा देणारा माझा भाचा तर दर दिवाळीला विचारतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी एकतीस वर्षं इंदूरला एका सरकारी कचेरीत बाबू होते. (बाईमाणूस असलं तरी आमच्याकडे बाबूच.) अधिवेशन लागलं की आमच्या रजा बंद. भोपाळहून कागद यायचा, त्यावर लाल शाईत 'विधानसभा प्रश्न'. प्रश्नाचे क, ख, ग, घ असे भाग पाडलेले. साहेब तो बडे बाबूंकडे टाकायचे, बडे बाबू माझ्याकडे, आणि मी तहसिलींना फोन लावत बसायची. ईमेल नव्हतं तेव्हा उत्तराचा लिफाफा घेऊन शिपाई रात्रीच्या बसने भोपाळला निघायचा. उत्तर छापून यायचं मंत्र्यांच्या नावाने, पण त्यातली वाक्यं माझ्यासारखीच्याच टेबलावरची असायची.

एकदा एका आमदारांनी विचारलं, अमुक तहसिलीत तीन महिन्यांहून जास्त काळ बंद पडलेले हातपंप किती? आमच्या रजिस्टरला रकाने दोनच, बिघडलेले आणि सुधारलेले. कधीपासून बिघडलेत हे लिहायला जागाच नव्हती. मी सरळ लिहिलं, 'निरंक'. निरंक म्हणजे शून्य. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी त्याच तहसिलीतल्या, आणि त्यांच्या गावचा पंप आदल्या दिवाळीपासून बंद होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं.

बडे बाबूंनी मसुदा वाचला आणि पेन उघडलं. "मैडम, निरंक मत लिखो. कल किसी ने एक भी पंप दिखा दिया तो साहब फँसेंगे." त्यांनी त्या जागी लिहिलं, 'इस प्रकार की जानकारी संधारित नहीं की जाती.' म्हणजे अशी माहिती ठेवलीच जात नाही. पुढच्या भागात जबाबदार कोण आणि कारवाई काय केली असं विचारलं होतं. त्याखाली, 'शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता.' झालं. मावशींचा पंप शून्यातही नव्हता आणि एकातही नव्हता.

त्या दिवसापासून मी सरकारी उत्तर वाचताना आधी क्रियापद बघते. 'नाही' आणि 'ठेवली जात नाही' यांच्यात केवढं अंतर आहे, ते सही करणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

आता ऑक्सिजनचं उत्तर घ्या. २० जुलै २०२१, राज्यसभा. काँग्रेसचे खासदार के. सी. वेणुगोपाल यांनी विचारलं होतं की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तीव्र तुटवड्याने रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने रुग्ण मेले, हे खरं का? लेखी उत्तर आलं आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या नावाने. त्या तेव्हा दिंडोरीच्या खासदार होत्या, म्हणजे नाशिककडच्या. शपथ घेऊन त्यांना तेरा दिवस झाले होते. उत्तराचा आशय असा. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. मृत्यू कसे कळवायचे याच्या सूचना केंद्राने राज्यांना दिल्या आहेत. राज्यं त्याप्रमाणे नियमित कळवतात. आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही.

बाबूच्या डोळ्यांनी वाचलंत तर चारही वाक्यांत बोट ठेवायला जागा नाही. मृत्यूच्या दाखल्यात कारण म्हणून आजार लिहितात. सिलिंडर संपला हा काही आजार नव्हे. कुठला डॉक्टर लिहील तो? कुठलं रुग्णालय स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्याच शिक्क्याने वर पाठवील? जिल्ह्याला आलं नाही म्हणून जिल्ह्याने पाठवलं नाही, राज्याने पाठवलं नाही म्हणून दिल्लीला कळलं नाही. गंमत म्हणजे मंत्र्यांच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात, २१ एप्रिलला टाकी गळून पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले होते. अख्ख्या देशाने ते दूरदर्शनवर पाहिलं. पण ती 'गळती'. प्रश्न होता 'तुटवड्याचा'.

आणि त्याच उत्तरात हेही आहे की पहिल्या लाटेत ऑक्सिजनची मागणी ३०९५ टनांपर्यंत गेली होती, दुसऱ्या लाटेत ती जवळजवळ ९००० टनांवर पोचली. टनांचा हिशेब शेवटच्या पाचापर्यंत होता, कारण टँकर कुणाला किती द्यायचे ते दिल्लीत ठरत होतं, त्यासाठी रकाना आखलेला होता. आमच्या गल्लीतली पोरं मात्र एप्रिलभर स्कूटरच्या पायदानावर सिलिंडर आडवा टाकून सांवेर रोडकडे रांगेला जात होती, आणि काहींना तो भरून आणेपर्यंत घरातून फोन येत होता, राहू दे आता. हे कुठल्या टनात मोजायचं?

पुढे ओरड झाली तेव्हा केंद्राने राज्यांना मुद्दाम पत्र पाठवून विचारलं. डिसेंबरात उत्तर आलं ते पंजाबच्या चार संशयित मृत्यूंचं. चार.

भाचा म्हणतो, हे झालं दुसऱ्या लाटेचं, पहिल्या लाटेत तर सगळेच गोंधळलेले होते. होते ना. आमच्या राज्यात तर २३ मार्च २०२० पासून जवळजवळ महिनाभर एकटे मुख्यमंत्रीच सरकार होते. मंत्रिमंडळ २१ एप्रिलला झालं. इंदूर तोवर देशभराच्या बातम्यांत होतं आणि प्रश्न विचारायला वेगळा आरोग्यमंत्रीच नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही भिशीतल्या सहाजणी बायपासवर चपला वाटायला गेलो होतो. मुंबई-आग्रा रस्ता तिथूनच जातो. एका ओळखीच्या दुकानदाराने अर्धं शटर वर करून हवे ते नंबर काढून दिले होते. मुंबईच्या रिक्षा चक्क उत्तर प्रदेशाकडे निघालेल्या, मागे तीन पोरं आणि टपावर गॅसची शेगडी. चालणाऱ्यांना चप्पल दिली की ते आधी पायाखालचा पुठ्ठा सोडवायचे. एकीने मला मराठीत विचारलं, "ताई, झाशी किती लांब?" नाशिकला बांधकामावर होती म्हणे. मला अंतर सांगवेना.

सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले? श्रममंत्री संतोष गंगवार यांच्या मंत्रालयाने १४ सप्टेंबरला लेखी कळवलं, अशी माहिती ठेवली जात नाही. नुकसानभरपाईचं काय? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. वाचता वाचता मी खुर्चीत ताठ बसले. अगदी आमच्या बडे बाबूंचं अक्षर! किती मजूर घरी परतले याचा आकडा मात्र मंत्रालयाकडे होता, एक कोटी चार लाखांहून अधिक. आणि ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून निघालेले आमच्याच शहडोल-उमरियाकडचे होते. राज्य सरकारने प्रत्येकाच्या घरी पाच लाख जाहीर केले होते. भोपाळच्या एका नस्तीत ती सोळा नावं बापाच्या नावासकट असणार. दिल्लीला रकाना नव्हता.

त्याच अधिवेशनात रेल्वेने मात्र आकडा दिला. श्रमिक रेल्वेगाड्यांत ९ सप्टेंबरपर्यंत ९७ मृत्यू. ८७ मृतदेहांची उत्तरीय तपासणी, ५१ अहवाल हाती. कारणं हृदयविकार, मेंदूतला रक्तस्राव, जुने आजार. बघा, कारण पुन्हा आजारच. आणि करमाडचे सोळा यातही नाहीत, कारण ते गाडीत नव्हते, रुळावर होते.

आता शिक्षेचं. मंत्र्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं तर हक्कभंग आणता येतो. पण 'ठेवली जात नाही' हे खरंच असतं, कारण आपण ठेवलेलीच नसते. लोक हसतात ते दुसऱ्याच वाक्याला, 'माहिती गोळा करण्यात येत आहे'. आमच्या विधानसभेत तर 'जानकारी एकत्रित की जा रही है' हा विनोदच झालाय. पण आम्ही बाबू घाबरायचो ते त्यालाच! ते वाक्य सभागृहात गेलं की ते आश्वासन धरतात. संसदेत तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, नाही केलं तर आश्वासन समिती मागे लागते, पत्रांवर पत्रं येतात, मुदतवाढ मागावी लागते. 'ठेवली जात नाही' लिहिलं की नस्ती त्याच संध्याकाळी बंद. म्हणून कुणी उत्तर दाखवून विचारलं, हे चांगलं की वाईट, तर मी सांगते, 'गोळा करत आहोत' असेल तर अजून धुगधुगी आहे.

एक इलाज असतो, पूरक प्रश्नाचा. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात, आणि लगेच कुणी विचारू शकतं, नाही ठेवत तर का नाही ठेवत? आमच्या सुमित्राताई लोकसभेच्या अध्यक्ष होत्या तेव्हा आमच्या घरी प्रश्नोत्तराचा तास चहासोबत लागायचा. पूरक प्रश्नाला मंत्री अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून येणाऱ्या चिठ्ठीची वाट बघायला लागले की माझे हे म्हणायचे, "तुझ्या जातीतला कुणीतरी घामाघूम झाला बघ." सप्टेंबर २०२० मध्ये तो तासच नव्हता. फक्त लेखी. त्या वर्षी हिवाळी अधिवेशनही झालं नाही. म्हणजे मजुरांच्या उत्तरावर 'का?' विचारायला खासदाराला पुढल्या वर्षाची वाट पाहणं आलं. आमच्या विधानसभेने तर सप्टेंबरचं तीन दिवसांचं अधिवेशन एका दिवसात आटपलं.

मग रकाना कधीच आखला जात नाही का? जातो. २०२१ च्या शेवटाला सर्वोच्च न्यायालयामुळे कोविडने गेलेल्यांच्या घरी पन्नास हजार रुपये द्यायचं ठरलं. चाचणीपासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा धरायचा, दाखल्यावर काही वेगळं असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे जायचं. शेजारच्या गुजरातेत अधिकृत मृत्यू दहा हजारांच्या आसपास होते, मंजूर झालेले अर्ज त्याच्या कितीतरी पट निघाले. तीच माणसं, तेच दाखले.

आमच्या समोरच्या घरातला मुलगा वडिलांचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला होता. दाखल्यावर कारण होतं 'हृदय व श्वसनक्रिया बंद'. चाचणीचा कागद कुठे सापडत नव्हता, मोबाइलवर आलेला संदेश तेवढा शिल्लक होता. त्याची झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढून आणली. मी चष्मा लावून एकेक रकाना भरला. खाली 'अन्य विवरण' होतं. तो म्हणाला, "काकू, इथे निरंक लिहू?"

मी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि लिहिलं, 'दि. १९ एप्रिल, रात्री सिलिंडर मिळाला नाही.'

अर्ज मंजूर झाला. ती ओळ कुणी वाचली की नाही, त्याचा रकाना तिथे नव्हता.