सिझरनंतर मी परत उठायला शिकले (माझा अनुभव)

माझं सिझर अचानक ठरलं, त्यामुळे नंतरच्या दुखण्याची मनाची तयारी वगैरे काहीच नव्हती. पहिले काही तास कंबरेखाली सगळं बधिर, तेव्हा मी फोनवर सगळ्यांना ऐटीत सांगत होते, काही नाही गं, अजिबात दुखत नाहीये. दुसऱ्या दिवशी कॅथेटर (लघवीची नळी) काढलं आणि सिस्टर म्हणाल्या, चला ताई, उठून बसा. मी आपली नेहमीसारखी डोकं उचलून सरळ उठायला गेले आणि टाक्यांपाशी अशी कळ आली की ओरडायलाही सुचलं नाही.

मग त्यांनीच नीट शिकवलं. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, मग खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोळवतात तसं कुशीवर वळायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून उठायचं, पोटाला काही कामच द्यायचं नाही. आणि श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. पहिल्यांदा मला पाच मिनिटं लागली, वर चक्कर आली म्हणून तशीच पाय सोडून बसून राहिले. पण खरं सांगते, सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडला.

गोळ्या मी बंद केल्या नव्हत्या हं, उगाच सहन करण्यात काय शौर्य आहे कळत नाही. वेळेवर घेतल्या म्हणून तर चालता आलं. प्रश्न दोन डोसांच्या मधल्या वेळाचा होता.

त्यात उशी कामाला आली. खोकला, शिंक, हसू, काहीही येतंय असं वाटलं की उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरायची. नवऱ्याला सक्त ताकीद होती, जोक सांगायचा तर आधी उशी दे.

गॅसचं मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. पोट फुगलेलं ते ठीक, पण उजवा खांदा का दुखतोय म्हणून मी घाबरलेच. डॉक्टर म्हणाले, पोटातली हवा श्वासपटलाला (छाती आणि पोटाच्या मधला पडदा) टोचते आणि ते खांद्यात जाणवतं. त्यावर उपाय चालणे. खोलीतल्या खोलीत, भिंत धरून, पण दर थोड्या वेळाने. च्युइंगम चघळायलाही सांगितलं, चघळलं की आतडी लवकर कामाला लागतात म्हणे. मला हसू आलं (उशी!), पण संध्याकाळपर्यंत गॅस सुटला.

दूध पाजताना आणखी वेगळं, बाळाच्या लाथा बरोब्बर टाक्यांवर. मग बाळाला मांडीवर न घेता बगलेखाली उशीवर घेतलं, त्याचे पाय माझ्या पाठीकडे, आणि रात्री सरळ कुशीवर झोपून पाजलं. पाजायला घेतलं की ओटीपोटात पाळीसारखे पेटके यायचे, ते गर्भाशय आकसतं म्हणून. तेव्हा सावकाश श्वास, आत घेतला त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर सोडायचा.

बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून, ड्रेसिंग ओलं न करता, पंधरा मिनिटं. गरम पिशवी फक्त पाठीला, कारण टाक्यांजवळ कातडी बधिर असते, भाजलं तरी कळणार नाही. पोटाचा पट्टा चालताना बरा वाटायचा, बसलं की रुतायचा, शेवटी बसताना काढूनच ठेवायचे.

नवव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून कपड्यांची भरलेली बादली उचलली. बाळापेक्षा जड काही उचलू नका हे दहा वेळा ऐकलं होतं, तरी उचलली, दोन दिवस परत पहिल्यासारखं दुखलं. त्यात टाक्यांच्या कडेला लाल दिसलं म्हणून घाबरून दाखवून आले, सुदैवाने इन्फेक्शन नव्हतं. ताप, पू किंवा पोटरी सुजून दुखली तर थांबू नका, लगेच या असं त्यांनी बजावलं.

आता चार महिने झालेत. दुखत नाही, टाक्यांच्या वरची कातडी अजून थोडी बधिर आहे, आणि सकाळी गजर वाजला की मी अजूनही आधी गुडघे वाकवते.