बेट कधी जोडलं जातं? नदी सुरयांच्या वसाहतीची दुसऱ्या हंगामाची नोंद

जलाशयाचं नाव या नोंदीत मुद्दाम दिलेलं नाही. तापी खोऱ्यातलं सिंचनाचं धरण, मार्चनंतर उघडी पडणारी दोन बेटं आणि त्यांवर अंडी घालणारे नदी सुरय, छोटे आर्ली आणि टिटव्या हे पक्षी, एवढं पुरे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना घरट्याचा नेमका बिंदू देऊ नका, जलाशयाच्या सर्वसाधारण हॉटस्पॉटवर टाका. बेटावरच्या अंड्यांचे जवळून काढलेले फोटो तर कुठेच नकोत. फोटो फिरला की पुढच्या रविवारी तिथे माणसं पोहोचतात.

नदी सुरय २०२० पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. मागच्या हंगामाअखेर एक गोष्ट पक्की झाली होती. या बेटांवरचं नुकसान बंदुकीने किंवा फासेपारध्याने होत नाही, ते पाणी उतरल्यामुळे होतं. पाणी खाली जातं, बेट काठाला जोडलं जातं आणि त्या वाटेने आधी कुत्री, मग मेंढ्या, मग टरबुजाच्या वाडीसाठी नांगर येतो. म्हणून या वर्षी पक्ष्यांच्या संख्येपेक्षा एकाच प्रश्नावर जोर दिला: बेट कोणत्या पातळीला आणि कोणत्या तारखेला जोडलं जातं? हा आकडा हातात असला तर कार्यालयात बोलणं होतं. नसला तर 'पक्षी वाचवा' म्हणून निवेदन द्यायचं आणि पोचपावती घेऊन परतायचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: कागद

गाळपेर जमिनीचं, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जलाशयाच्या बुडातल्या जमिनीचं, हंगामी लागवडीसाठी वाटप पावसाळ्यानंतर सुरू होतं, त्यामुळे अर्ज त्याआधी जायला हवा. मार्चमध्ये दिलेला अर्ज त्या वर्षापुरता वाया गेला असं समजा, कारण तोवर पट्टे दिलेले असतात आणि बियाणं, डिझेल, पाइप यांवर शेतकऱ्याचे पैसे लागलेले असतात. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांना या जमिनीत प्राधान्य असतं. गाळपेर बंद करा ही मागणी अन्यायाची आहे आणि टिकणारीही नाही. मागणी एवढीच ठेवली: दोन बेटांचे माथे पट्ट्यातून वगळा. क्षेत्र थोडं आहे आणि माथ्यावर गाळ कमी, मुरूम जास्त, त्यामुळे टरबूज-डांगराला ती जागा तशीही हलकी. सुरयांना मात्र तोच उघडा मुरूम हवा असतो.

अर्ज एका पानाचा, मागणी एक, सोबत नकाशा एक. मूळ प्रत पाटबंधारे उपविभागाला, आणि प्रती वनपरिक्षेत्र अधिकारी, मानद वन्यजीव रक्षक, तहसीलदार व मत्स्यव्यवसाय कार्यालयाला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नुसता शिक्का पुढे कामाला येत नाही.

कायद्याचा उल्लेख करताना दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक म्हणजे पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांवर भिस्त ठेवणं. त्या नियमांतल्या व्याख्येतून नदीपात्र वगळलं आहे, आणि खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली मानवनिर्मित जलसाठवणही वगळली आहे. खानदेशातली बहुतेक पक्ष्यांची तळी त्यातच मोडतात. समोरचा अभियंता एका वाक्यात हा मुद्दा निकालात काढतो आणि मग बाकीचा अर्जही कोणी वाचत नाही. नांदूर मधमेश्वर हाही बंधाऱ्यामुळे तयार झालेला जलाशय, पण तो आधी अभयारण्य होता आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला. तो मार्ग वेगळा आणि लांबचा आहे.

दुसरी चूक अनुसूचीची. जुन्या निवेदनांची नक्कल करून 'अनुसूची ४ मधील पक्षी' असं अजून लिहिलं जातं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर अनुसूची ४ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या जाती आहेत. वन्यप्राणी आता अनुसूची १ आणि २ मध्ये आहेत. खरा उपयोगी आधार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये आहे. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं, आणि कलम ९ शिकारीला मनाई करतं. म्हणजे घरटी असलेल्या माथ्यावर नांगर घालायला जागा देणं हा कार्यालयासाठीही विचार करण्याचा विषय ठरतो. हे कलम अर्जात लिहायचं. शेतकऱ्यासमोर ते काढायचं नाही. एकदा धमकीचा सूर लागला की त्या काठावरून पुढे कोणी माहिती देत नाही.

पट्ट्यांची यादी आणि नकाशा मागूनही न मिळाल्याने माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. '३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील' ही तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. 'गाळपेरीची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहू नका. अमुक हंगाम, अमुक गाव, वाटपाची यादी, स्थळदर्शक नकाशा आणि रोजची पाणीपातळी नोंदवही, असं मोजकं लिहा. पातळी नोंदवही हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा कागद आहे. का ते पुढे येतंच.

जानेवारी: बांबू

बेट आणि काठ यांच्यामधली पाण्याखालची खिंड किती उंचीवर आहे, हे शोधायला महागडं उपकरण लागत नाही. साडेतीन मीटरचा सरळ बांबू, दर १० सेंमीला ऑइल पेंटचा पट्टा, आणि बुडाला १५ सेंमी व्यासाचं स्टीलच्या डब्याचं झाकण स्क्रूने बसवलेलं. झाकण नसेल तर बांबू गाळात रुततो आणि खोली वीस-तीस सेंमी जास्त दिसते. पहिल्या हंगामातले आकडे याच कारणाने बाद झाले.

माप घ्यायला मच्छीमारांचा तराफा किंवा होडी, अंगात लाइफ जॅकेट, वेळ सकाळी दहाच्या आत. वारा सुटला की तराफा जागेवर राहत नाही आणि बांबू तिरका जातो. बेटापासून काठापर्यंत आधी उथळ वाट शोधायची. ती सरळ असतेच असं नाही, बहुधा जुन्या बांधावरून किंवा बुडालेल्या गाडरस्त्यावरून जाते आणि भोई मंडळींना ती पाठ असते. त्या वाटेवर दर पाच-सात पावलांच्या अंतराने खोली घ्यायची.

आता नेमका आकडा कोणता धरायचा? सर्वांत उथळ वाटेवरचा सर्वांत खोल बिंदू. इथे गफलत होते. सर्वांत उथळ बिंदू धरला तर बेट खऱ्यापेक्षा आधी जोडलं जाईल असा अंदाज निघतो. वाट पूर्ण कोरडी पडायला तिच्यातला सर्वांत खोल बिंदू उघडा पडावा लागतो.

बाकी हिशेब वजाबाकीचा. समजा त्या दिवशी जलाशयाची पातळी २०९.६० मीटर आहे आणि त्या बिंदूवर पाणी १.८० मीटर. मग खिंडीची उंची २०७.८० मीटर. पण कुत्रं कोरड्या वाटेची वाट बघत नाही, गुडघाभर पाण्यातून ते सरळ जातं. म्हणून त्यात ४० सेंमी मिळवायचे. धोक्याची पातळी २०८.२० मीटर.

ताळा म्हणून उपग्रह चित्रं. सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन चित्र. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे आकाश बहुतेक निरभ्र असल्याने बरीचशी कामाची निघतात. एनडीडब्ल्यूआय हा पाणी वेगळं दाखवणारा थर लावून मागच्या चार-पाच वर्षांत बेट कोणत्या तारखेला जोडलं गेलं ते बघायचं आणि त्या तारखेची पातळी नोंदवहीतून काढायची. दोन गोष्टी फसवतात. जलपर्णीचा थर जमिनीसारखा दिसतो. आणि चित्रातली एक चौकट (पिक्सेल) १० मीटरची असल्याने वीस मीटरहून अरुंद पाण्याची पट्टी चित्रात अनेकदा नीट दिसत नाही. म्हणून चित्रावरची तारीख आणि बांबूवरचा आकडा जुळला नाही तर बांबू खरा मानावा.

मार्च ते मे: तारीख आणि राखण

उन्हाळी आवर्तन आणि बाष्पीभवन धरून पातळी रोज किती उतरते ते नोंदवहीतून कळतं. धोक्याच्या पातळीपर्यंत १.२० मीटर शिल्लक आणि उतार रोज ३ सेंमी, म्हणजे ४० दिवस. सुरयाची अंडी उबायला साधारण तीन आठवडे आणि पिल्लं उडायला पुढे तीन-चार आठवडे. उशिरा घातलेली अंडी धरली तर वसाहतीला सात-आठ आठवडे सुरक्षित बेट हवं. ४० दिवसांनंतर उरतात दोनेक आठवडे. म्हणजे मागणी 'धरणात पाणी ठेवा' अशी राहिलीच नाही. कापसाच्या आणि केळीच्या मुलखात, पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना ती कोणी ऐकणारही नाही आणि ऐकूही नये. मागणी झाली 'शेवटचे दोन आठवडे खिंडीच्या तोंडाशी राखण'. चंबळ नदीवर पाणचिऱ्यांच्या घरट्यांसाठी स्थानिक राखणदार नेमण्याचं काम झालेलं आहे, त्याचा दाखला इथे फार उपयोगी पडला.

राखण करणारा माणूस काठाच्या बाजूलाच बसतो, बेटावर जात नाही. सावलीसाठी हिरवी जाळी, पिण्याचं पाणी, शिट्टी. पहाटे आणि संध्याकाळी तीन-तीन तास पुरतात. भर दुपारी कुत्रीही हलत नाहीत. वेळ मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन ठरवली तर त्यांचे कुत्रे त्या दोन आठवड्यांत दुसऱ्या बाजूला बांधले जातात. हे या हंगामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम.

जाळीचं कुंपण करून पाहिलं, पण पुन्हा करू नये. मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्यात पक्ष्यांचेच पाय अडकतात. वेल्डमेश लावायची तर १.२ मीटर उंची आणि बुडाला काठाच्या बाजूने ३० सेंमी आडवी घडी दगडांनी दाबलेली हवी, नाहीतर कुत्री खालून उकरतात. पण ओल्या काळ्या गाळात खांब आठवड्यात कलतात. खिंडीत चर खणण्याची सूचनाही आली होती. भुसभुशीत गाळाचे काठ ढासळून चर बुजतो, शिवाय जलाशयाच्या बुडात खोदकामाला परवानगी लागते.

मोजणी काठावरून, २०-६० पट स्कोपने, किमान १०० मीटर अंतर राखून, सकाळी आठच्या आत. फक्त बसलेले पक्षी मोजायचे. दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजून मधला आकडा धरायचा. पक्षी एकदम उठून डोक्यावर ओरडत फिरू लागले तर अंतर कमी पडलं आहे, लगेच मागे सरका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तापलेल्या मुरुमावर उघडी राहिलेली अंडी शिजतात. सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंड्यांवर येऊन बसतात ते याचसाठी. घरट्याशेजारी झेंडी, चुन्याची खूण, दगडांची रांग काहीही ठेवू नका, कावळे ती लगेच ओळखतात.

मच्छीमार दुपारी स्वयंपाकाला बेटावर उतरत. त्यांना काठावरचं बाभळीखालचं ठिकाण सुचवलं, ते त्यांनी मान्य केलं. फाटकी जाळी बेटावर टाकून न जाण्याचंही ठरलं आहे. वाळू उपशाचा विषय वेगळा आणि मोठा आहे, त्याची नोंद स्वतंत्र ठेवली आहे.

जूनअखेर स्थिती

मोठ्या बेटाचा माथा पट्ट्यांच्या नकाशातून वगळला गेला, कागदावर. धाकट्या बेटाबाबत तोंडी होकार आहे, लेखी काही नाही. तोंडी होकार अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातो, म्हणून ऑक्टोबरात तो विषय पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायचा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्ही बेटं लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावीत असा ठराव मांडायचा आहे. विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नोटीस निघण्याआधी लेखी जायला हवा, आयत्या वेळचा विषय चर्चेत उडतो. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा लागतो. मच्छीमार संस्थेच्या सभासदांना आधी भेटलं तर तो भरतो.

दरवाजे उघडून पूर येऊन गेला की खिंडीत नवा गाळ बसतो आणि यंदाचा आकडा बाद होतो. पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बांबू पुन्हा लावायचा. तेव्हा जलाशय भरलेला असल्याने साडेतीन मीटर पुरणार नाहीत, पाच मीटरचा आत्ताच बघून ठेवा. झाकणाचे स्क्रू गंजतात, ते स्टेनलेसचे घ्या.