'अक्यूट' कुठे लिहिलंय दाखव

मी अमेरिकन पेशंटचे चार्ट्स कोड करते, म्हणजे डॉक्टरच्या नोटमधल्या निदानाला ठरलेला कोड लावते, आणि आयसीडी-१०-सीएम या कोडच्या यादीतला स्किनचा चॅप्टर आता हातातला झालाय असं वाटायला लागलं तेवढ्यात एक चार्ट ऑडिटमधून परत आला. केस अगदी सरळ वाटलेली. दोन दिवसांपूर्वी हाताला खरचटलं, मग थंडी वाजून ताप, आणि मनगटापासून दंडाच्या आतून काखेकडे चढत गेलेली लाल रेघ, बोट लावलं तरी दुखणारी. जंतू लसीकावाहिनीत शिरून वर सरकले की अशी रेघ उठते, तो लिम्फँजायटिस, आणि सेल्युलायटिसची (त्वचेच्या आतल्या थरातल्या संसर्गाची) लाली पसरट असते, एवढं माहीत होतं, हिस्टरीत 'उजवा हात' वाचलं आणि ठोकून दिला एल०३.१२३, म्हणजे उजव्या हाताचा अक्यूट (नुकताच उठलेला) लिम्फँजायटिस.

ऑडिटर म्हणाली, अक्यूट कुठे लिहिलंय दाखव.

नोट तीनदा वाचली. असेसमेंटमध्ये, म्हणजे निदानाच्या भागात, नुसतं 'लिम्फँजायटिस, अप्पर एक्स्ट्रिमिटी', बस्स. आणि इंडेक्समध्ये नुसता लिम्फँजायटिस शोधला की तो नेतो आय८९.१ला, तिथे क्रॉनिक, सबअक्यूट आणि काहीच न सांगितलेला, सगळे एका टोपलीत, अक्यूट मात्र एक्सक्लूड्स १, म्हणजे 'हा इथे कोड करू नका' अशी टीप, लावून बाहेर. म्हणजे दोन दिवसांच्या तापवाल्याला जुनाट दुखण्याच्या रांगेत बसवायचं! चिडले मी, पण ती बरोबर होती, रेघ बघून निदान करायचं काम डॉक्टरचं, माझं नाही. वर तिने तपासणीच्या भागावर बोट ठेवलं, तिथे चक्क 'डावा हात' होतं. ते मी वाचलंच नव्हतं.

मग क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न. पहिली लिहिली 'हा अक्यूटच आहे ना?', ती टीम लीडने लगेच परत दिली, डॉक्टरच्या तोंडात उत्तर कोंबतेयस म्हणे. दुसऱ्यांदा नुसती लक्षणं लिहिली, किती दिवस झाले ते लिहिलं, खाली पर्याय दिले: अक्यूट, क्रॉनिक, इतर, सांगता येत नाही. बाजू कुठली ते वेगळं विचारलं. कल्चरमध्ये (लॅबच्या जंतू-तपासणीत) ग्रुप ए स्ट्रेप हा जंतू आला होता, पण लॅबच्या कागदावरून जंतूचा कोड लावता येत नाही, डॉक्टरने तो आजाराशी जोडायला लागतो, म्हणून तेही विचारलं.

डॉक्टरचा अडेंडम (नोटला जोडलेली पुरवणी) आला: अक्यूट, डावा हात, ग्रुप ए स्ट्रेपमुळे. म्हणून डाव्या हाताचा एल०३.१२४ आणि जोडीला जंतूचा बी९५.०. म्हणजे ज्या कोडसाठी मी ऑडिटरशी भांडत होते तो बाजूलाही चुकलेलाच होता, हे मी तिला सांगितलं नाही, तिला कळलंच असणार.

परवा पुन्हा तसाच आला, अक्यूट लिम्फँजायटिस, उजवा पाय, यावेळी अक्यूट ठळक लिहिलेलं. खुशीत एल०३.१२५ टाइप केला आणि सबमिटच्या आधी ओळ पुन्हा वाचली तर पुढे 'अंगठा' होतं. पायाच्या बोटांचं खातं वेगळं, एल०३.०४१. बॅकस्पेस.