मला काय मानवलं, काय नाही

ऑपरेशनच्या सातव्या आठवड्यात मी तव्यावरून नुकताच उतरलेला अर्धा फुलका खायला घेतला आणि चौथ्या घासाला छातीच्या मधोमध अडकल्यासारखं झालं. दुखत नव्हतं, नुसता दाब. मग तोंडाला लाळ सुटली, पांढरी, फेसाळ, थांबेचना. वीस मिनिटं मी मोरीपाशी वाकून उभी. सासूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "अगं, घोटभर पाणी पी." पण पाणीच प्यायचं नव्हतं. घास अडकलेला असताना वरून पाणी गेलं की सगळं आणखी वर येतं. शेवटी तो घास बाहेर पडला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

माझी गॅस्ट्रिक बायपास झाली होती. वजन आणि साखर, दोन्हींसाठी. (इंदूरच्या आमच्या नातेवाइकांना बायपास म्हटलं की हृदयाचीच वाटे, प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं.) यात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम 30 मिलीलीटरची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. जोडाचं तोंड अरुंद असतं. मला मिळालेल्या कागदावर मऊ आहारात 'मऊ पोळी' लिहिली होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण ताजी मऊ पोळी चावली की तिचा कणकेसारखा गोळाच होतो. पंधरा दिवसांनी सासूबाईंनी कालची पोळी तव्यावर कडक भाजली, चुरली, वरणात कालवली. ती गेली, निमूटपणे. मऊ ते सोपं आणि कडक ते अवघड, हा माझा समज तिथे मोडला.

पहिले दोन आठवडे गाळलेलं मुगाचं कढण आणि पातळ ताक, तेही औषधाच्या टोपणाने. पुढे घोटलेलं वरण, दुधीचा लगदा, चक्का. ते दिवस अवघड नव्हते, कारण निवड नव्हती. खरी कसोटी घन पदार्थ सुरू झाल्यावर. तेव्हा मी वही केली. एका वेळी एकच नवा पदार्थ, मग दोन दिवस थांबायचं. किती चमचे, कसा शिजवला, नंतर काय झालं, सगळं लिहायचं. 'पनीर, 2 चमचे, कुस्करून. ठीक.' त्याखाली दुसऱ्या दिवशी, 'पनीर, 3 चमचे. तिसरा नको होता.' त्या तिसऱ्या चमच्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. पोट भरल्याची खूण आता पोटात येत नाही. मला एक उचकी येते किंवा नाक वाहायला लागतं. तिथे चमचा खाली ठेवायचा, वाटीत घासभर उरलं असलं तरी.

दूध मानवेना, दही मानवलं. अंडं उकडलेलं जड गेलं, पातळसर भुर्जी चालली. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणून आधी वरण-पनीर आणि जागा उरली तरच भात. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. एकदा दिवसभर पाण्याचा घोटही टिकेना तेव्हा मी वाट न बघता डॉक्टरांना फोन केला. असं झालं तर कुणीही घरगुती उपाय करत बसू नये.

गणपतीत मात्र चूक केली. अर्धाच उकडीचा मोदक, नैवेद्याचा. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात कळ आली, आरती सोडून आडवं व्हावं लागलं. याला डम्पिंग म्हणतात: गोड पदार्थ पिशवीत न रेंगाळता आतड्यात उतरतो आणि तिथे पाणी ओढून घेतो. सासूबाई खूप रडल्या, त्यांनीच वाढला होता. त्यांना समजावताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. प्रेमाने वाढलेलं नाकारणं मला भुकेपेक्षा जड गेलं आहे.

पोह्यांचं मात्र सांगायलाच हवं. इंदूरचे वाफेवरचे पोहे मला तिसऱ्या महिन्यात दगडासारखे बसले. वहीत फुली मारली, वाईट वाटलं. आठव्या महिन्यात ह्यांच्या आग्रहाने पुन्हा तीन चमचे, भरपूर लिंबू, शेव बाजूला काढून. काही झालं नाही. तेव्हापासून मी फुली पेनने मारत नाही, पेन्सिलीने मारते.

गेल्या शनिवारी रात्री मुलांना घेऊन सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो. दुकानांच्या कट्ट्यावर बसून मी भुट्ट्याचा कीस घेतला, दुधात शिजलेला, मऊ, वरचं खोबरं काढून. बाकीचा दोना मुलांनी संपवला. घरी आल्यावर सासूबाईंनीच वही पुढे केली.